संततिनियमन आणि वस्तीतील स्त्री

कुटुंबनियोजनाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात दलित, भटक्या आणि आदिवासी वस्तीतील स्त्री नेहमी एकाच रूपात येते. ती अडाणी असते, भाबडी असते, लेकुरवाळी असते आणि तिला कोणीतरी समजावून सांगण्याची गरज असते. हे चित्र काढणाऱ्याला मोठे सोयीचे आहे. सगळा दोष तिच्या अज्ञानावर टाकला की दवाखान्याचा, नवऱ्याचा, मजुरीचा आणि जातीचा हिशेब कोणी मागत नाही. प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली अशी की, आपल्या वस्तीतील स्त्रीपुढचा प्रश्न माहितीचा फार थोडा आहे, निवडीचा फार मोठा आहे. दुसरी अशी की, हा प्रश्न सरकारी खात्याने आपल्या दारात आणून टाकलेला नाही. तो आंबेडकरी चळवळीने खात्याच्याही आधी स्वतःचा म्हणून मांडलेला आहे. तो आपण मध्येच टाकून दिला, आणि तो पुन्हा हाती घेतला पाहिजे.

१

केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील गाव. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. कोरडवाहू शेती, सोयाबीन, तूर, हरभरा, कोठे कापूस. ज्याला जमीन नाही त्याच्या वाट्याला निंदण, सोंगणी, वेचणी, आणि हंगाम सरला की बाहेरगावची वाट. जिल्ह्याच्या लोकसंख्येत जवळजवळ पाचांतील एक माणूस अनुसूचित जातींचा आहे. शिवाय बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने मागे पडलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून यादी केली, तीत वाशीमचे नाव आले.

केनवड आणि आसपासच्या वस्त्यांतून बायकांशी बोलत असताना एक गोष्ट माझ्या पुन्हा पुन्हा ध्यानात आली. पाळणा लांबविण्याचे उपाय ठाऊक नाहीत, असे म्हणणारी बाई जवळजवळ भेटत नाही. गोळी ठाऊक असते, तांबी ठाऊक असते, निरोध ठाऊक असतो, तीन महिन्यांच्या इंजेक्शनाचे नावही कानावर आलेले असते. मात्र “तुम्ही काय केलं?” असे विचारले की उत्तर एकच येते : “आपरेशन.” एका बाईने आपली सारी हकीकत चार वाक्यांत सांगितली. “लगन झालं तवा सतरा वर्साची होती. वर्साच्या आत पोरगी झाली. थे अंगावर पेत होती तवाच दुसऱ्याचे दिवस गेले. तिसऱ्या खेपीले आपरेशन करून टाकलं, सुटली एकदाची.” त्या वेळी तिला तेविसावे लागले होते.

तिच्या ‘सुटली’ या शब्दाला कमी लेखण्याचे कारण नाही. तिच्या आईला आठ बाळंतपणे झाली होती आणि त्यांतील तीन लेकरे मातीआड गेली होती. त्या मानाने तीन लेकरांवर थांबणे ही तिच्या दृष्टीने मिळवलेली गोष्ट आहे, आणि ती तिने स्वतः मिळवली आहे. शस्त्रक्रिया झालेली प्रत्येक गरीब स्त्री ही फसवली गेलेली स्त्री असते, असे मानणे हाही तिचा एक प्रकारचा अपमानच होय. प्रश्न वेगळा आहे. सतराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत, ज्या सहा वर्षांत तिचे शरीर तीन बाळंतपणांनी खंगले, त्या सहा वर्षांत तिच्या हाती काहीही नव्हते. उपाय मिळाला तो शेवटी मिळाला, कायमचा मिळाला आणि तिच्याच पोटावर मिळाला.

ही एकट्या केनवडची गोष्ट नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही भरले नाही. सबंध देशात स्त्रियांचा आकडा ३७.९ टक्के आणि पुरुषांचा ०.३ टक्के आहे. याच पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये होतात. लोकसंख्या स्थिर राहण्यास २.१ लागतात, म्हणजे ‘लोकसंख्येचा स्फोट’ ही हाकाटी निदान या राज्यापुरती केव्हाच शिळी झाली आहे. आणि तरीही २० ते २४ वयाच्या स्त्रियांत १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण २१.९ टक्के, तर रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर आहे. कोणते ना कोणते संततिनियमनाचे साधन ठाऊक असलेले लोक मात्र शंभरात नव्व्याण्णवांहून अधिक निघतात. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की ‘अज्ञान’ हे निदान टिकत नाही. मुलांची संख्या घटली. पण बाईचे लग्नाचे वय, तिचे रक्त आणि तिचा निर्णय यांत त्या प्रमाणात फरक पडला नाही.

२

मग ठाऊक असूनही मधली साधने वापरात का येत नाहीत? याची कारणे वस्तीतच शोधावी लागतात.

लग्नानंतर वर्षाच्या आत कूस उजवली नाही तर सुनेला ‘वांझ’ हा शब्द ऐकावा लागतो. त्यामुळे पहिल्या अपत्याआधी कोणतेही साधन वापरण्याचा विचार तिच्या मनात येणेच कठीण. पहिली मुलगी झाली तर दुसऱ्याची घाई, आणि दुसरीही मुलगीच झाली तर मुलगा होईपर्यंत थांबणे नाही. जातीची उतरंड नाकारणाऱ्या घरांतही ‘वंशाचा दिवा’ विझलेला नाही, हे आपण मोकळेपणी कबूल केले पाहिजे.

दुसरे कारण घराचे आहे. एका खोलीत सासू-सासरे, दीर, लेकरे झोपतात. निरोधाचे पाकीट ठेवायचे कोठे आणि वापरल्यावर टाकायचे कोठे, हा तेथे हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नसतो. सुनेच्या उशाखाली गोळ्यांची पट्टी सापडली की सासूच्या मनात पहिली येते ती शंका. जिला स्वतःची पेटी नाही, तिला रोज एक गोळी गुपचूप घेणे जमावे कसे?

तिसरे कारण मजुरीचे. तांबी बसविल्यावर पहिले काही महिने अंगावरून जास्त जाते, कंबर धरते. हे पुढे कमी होते. परंतु जिच्या अंगात आधीच रक्त नाही तिला ते सोसवत नाही. तपासणीला जायचे म्हणजे एक रोज बुडतो आणि जाण्यायेण्याचे भाडे वर. दवाखान्यात “होईल सवय” एवढे ऐकून ती परत येते आणि पुढच्या महिन्यात तांबी काढून टाकते. मग तिचा अनुभव वस्तीभर पसरतो. बाहेरगावी कामाला गेलेल्या बाईची गोळी तर पहिल्याच महिन्यात तुटते. तिथली आशाताई तिला ओळखत नाही आणि तिचे नाव कोणत्याही यादीत नसते.

चौथे कारण वागणुकीचे आहे. तालुक्याच्या एका दवाखान्यात मी स्वतः पाहिले आहे. एकाच बाकावरच्या दोन बायकांपैकी एकीला “या ताई” म्हणून आत घेतले गेले, आणि दुसरीचा पत्ता ऐकताच “तू जरा थांब” असे सांगितले गेले. ज्या ठिकाणी माणूस म्हणून हाक मारली जात नाही, त्या ठिकाणी आपल्या शरीराची सर्वांत झाकलेली गोष्ट बाई उघडी करून विचारील, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती विचारीत नाही, आणि न विचारणे हे तिचे अज्ञान म्हणून नोंदले जाते.

आणि पाचवे कारण म्हणजे नवरा. “तुझ्या मालकाचं आपरेशन काऊन नाही केलं?” असे विचारल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसतात. एकीने मात्र सरळ सांगितले : “तो वझं उचलते, बाई. त्याच्या अंगातली ताकद गेली तं आमी खावं काय?” बोलणारी बाई त्याच दिवशी दुसऱ्याच्या वावरात सोंगणी करून, सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन आलेली होती. वझे तीही उचलते. पण तिची ताकद घरच्या हिशेबात धरली जात नाही.

३

हा प्रश्न आपल्या चळवळीने केव्हा आणि कसा मांडला, हे तरुण कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. लादलेल्या गर्भारपणाची शिक्षा एकट्या बाईने भोगावी, हा न्याय त्यांनी अमान्य केला. केनवडहून फार दूर नसलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून हाच दुटप्पी न्याय चव्हाट्यावर आणला. पुढे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. त्यासाठी त्यांनी प्राध्यापकी गमावली आणि खटलेही सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता, ही समजूत कोर्टात खोडून काढण्यासाठी ते उभे राहिले. खटला हरला; भूमिका मागे घेतली गेली नाही.

त्याआधी १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांसाठी प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा पुरस्कार केला होता. आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्याच विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा अशासकीय ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याची साधने लोकांना उपलब्ध करून द्यावीत, अशी ती मागणी होती. त्या भाषणाचा रोख पाहण्यासारखा आहे. लागोपाठच्या बाळंतपणांनी स्त्रीची प्रकृती ढासळते, नको असलेला गर्भ पाडण्याच्या खटपटीत तिचा जीव जातो, आणि प्रसूतीच्या वेदना पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या तर त्याने एकाहून अधिक मूल पत्करले नसते, अशा आशयाचे मुद्दे त्यात आहेत. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला. देशाचा अधिकृत कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला तो १९५२ साली, म्हणजे त्यानंतर चौदा वर्षांनी.

याच काळात देशाचे दुसरे मत काय होते? डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधने नाकारली आणि संयमाचा मार्ग सांगितला. संयमाचा उपदेश करणे सोपे असते. पण ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार जिला घरात नाही, तिला संयम पाळता येत नाही. तो पुरुषानेच पाळावा लागतो, आणि तो पाळीत नाही म्हणून तर साधनांची गरज पडते. बाबासाहेबांची भूमिका या वास्तवावर उभी होती.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. त्यांत वऱ्हाडातल्याही होत्या. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वाला विरोध, कामकरी स्त्रियांना रजा असे ठराव तेथे झाले. बाबासाहेबांनी तेथे मुलींची लग्ने घाईने करू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे, असे सांगितले. लग्नाचे वय, मुलांची संख्या आणि नवऱ्याशी बरोबरी ही तीनही सूत्रे त्यांनी एका दमात बांधली होती. पुढे आपण पहिली दोन जमेल तशी घेतली आणि तिसरे सोयीने विसरलो. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ज्यांनी वाचले आहे त्यांना हे तिसरे सूत्र सुटले की बाईच्या वाट्याला काय येते, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

४

राज्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्याचा अर्थच बदलला. बाबासाहेबांनी स्त्रीचे आरोग्य मध्यभागी ठेवले होते. सरकारी कार्यक्रमाने तेथे आकडा ठेवला. मुले जास्त म्हणून गरिबी, असे सोपे समीकरण मांडले गेले. भूमिहीनाची गरिबी जमिनीच्या वाटपातून येते आणि मूल जगेल याची खात्री नसली म्हणजे आईबाप आणखी मुलांची आशा धरतात, हा विचार मागे पडला. १९६५ पासून लूप आले, मग शिबिरे आली, उद्दिष्टे आली. आणीबाणीत १९७६–७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या; त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. या मोहिमेत प्रथम सापडला तो गरीब, ज्याला शिधापत्रिका, कर्ज, नोकरी यांसाठी सरकारच्या दारात उभे राहावेच लागते.

१९७७ साली सरकार पडले. खात्याचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले आणि शस्त्रक्रियेचे पाते पुरुषाकडून स्त्रीकडे वळले. पुरुषाच्या रागाने सरकार कोसळते, हा धडा सत्तेने चांगला लक्षात ठेवला. बाईच्या रागाने काही कोसळत नाही, अशी तिची समजूत आहे. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे एका दिवसात कितीतरी बायका ‘उरकणे’ शक्य झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या आणि १३ स्त्रिया दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिश्वास खटल्यात तीन वर्षांच्या आत अशी नसबंदी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. कागदावरची उद्दिष्टे तर १९९६ सालीच रद्द झाली होती. पण मार्च महिना जवळ आला की वस्तीत फेऱ्या वाढतात, हे बायकांना कॅलेंडर न पाहताही कळते.

ज्यांना समाजात किंमत नाही त्यांच्या शरीरावर सत्तेचा हात आधी पडतो, हे जगभर दिसते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या फॅनी लू हेमर यांचे गर्भाशय १९६१ साली त्यांच्या संमतीवाचून काढण्यात आले. १९७३ साली अलाबामात रेल्फ कुटुंबातील १४ आणि १२ वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची नसबंदी झाली. त्यांच्या निरक्षर आईने कागदावर फुली मारली होती, कशावर ते तिला ठाऊक नव्हते. आपल्याकडे अंगठा असतो, एवढाच फरक.

सत्तेची विषमता कधी रुपयांतही दिसते. २००७ साली ठरलेल्या दरांप्रमाणे आपल्यासारख्या राज्यांत शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला ६०० रुपये, तर इतर स्त्रीला २५० रुपये. याला बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणतात. पण तांबी पसंत केलेल्या आणि तपासणीसाठी चार खेपा घातलेल्या बाईची मजुरी कोण भरून देतो? दुसरे उदाहरण दोन अपत्यांच्या अटीचे. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनांहून अधिक अपत्ये झालेल्यास पंचायतीची निवडणूक लढविता येत नाही. आरक्षणाने राखीव जागेवर दलित स्त्री उभी राहू शकते, पण किती मुले व्हावीत हे जिने कधी ठरवलेच नाही तिला तिसऱ्या मुलासाठी अपात्र ठरविले जाते. निर्णय नवऱ्याचा आणि सासूचा, शिक्षा तिला.

या साखळीचे शेवटचे टोक बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीला पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, तरुणपणीच शस्त्रक्रिया, पाळीत खाडा परवडत नाही म्हणून सोसलेले दुखणे, आणि शेवटी “पिशवी काढून टाका”. केनवडच्या बाजूलाही ‘पिशवी काढली’ हे शब्द तिशी-पस्तिशीतल्या बायकांच्या तोंडून ऐकू येतात. हा आपल्याला जागे करणारा इशारा आहे.

५

आता साधनांविषयी. कार्यकर्त्याने भाषण करण्याआधी ती स्वतः समजून घेतली पाहिजेत.

तांबी गर्भपिशवीत बसते आणि प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे काम देते; हवी तेव्हा काढता येते. ती छातीत चढते अशी वदंता आहे. गर्भपिशवी ही वरून बंद असलेली पिशवी आहे; पोटातून छातीकडे जाणारी वाट तेथून नाही. पाटीवर एक आकृती काढली तर हे भय निम्मे जाते. बसविण्याआधी रक्त तपासून घेणे आणि रक्तक्षयावर उपचार घेणे मात्र आवश्यक.

माला-एन ही रोज घ्यावयाची गोळी. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने ती घेऊ नये. रक्तदाब असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते. पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पाळी काही वेळा लांबते, एवढे आधी सांगितले म्हणजे घाबरगुंडी उडत नाही.

‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आले. बाईला ते गुप्तपणे घेता येते, हा त्याचा मोठा गुण. पण पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, आणि सोडल्यावर दिवस जाण्यास सात ते दहा महिने लागू शकतात. हे न सांगता इंजेक्शन देणे म्हणजे फसवणूक. १९८० च्या दशकात इंजेक्शनांच्या चाचण्यांत स्त्रियांना पुरती कल्पना दिली जात नाही म्हणून स्त्री-संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. तेव्हा बाईच्या मनातली शंका ही अंधश्रद्धा नव्हे, तिला इतिहास आहे.

निरोध हे एकच साधन गर्भाबरोबर लागणीच्या रोगांपासूनही वाचविते. चूक झाल्यास तीन दिवसांच्या आत घ्यावयाची तातडीची गोळी असते. ती नेहमीचा उपाय नव्हे.

आणि पुरुष नसबंदी. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत अंडकोशाच्या कातडीला एक बारीक छिद्र पाडून बीजवाहिन्या बंद करतात. काम थोड्या मिनिटांचे. पुरुषत्वाचे संप्रेरक रक्तातून जाते, त्या नळीतून नव्हे. म्हणून ताकद, इच्छा, दाढी-मिशा यांत काही फरक पडत नाही. वीर्यही पूर्वीसारखेच येते, त्यात बीज तेवढे नसते. फक्त परिणाम यायला तीन महिने लागतात. तोवर दुसरे साधन वापरून नंतर तपासणी करून घ्यावी. हे न सांगितल्यामुळे मधल्या काळात दिवस गेले तर संशय बाईवर येतो, आणि घर मोडते.

६

हक्कांची माहिती ही साधनांइतकीच महत्त्वाची आहे. नसबंदीसाठी स्वतःची सही पुरते. नवऱ्याची संमती नियमाने लागत नाही. स्त्रीचे वय २२ च्या वर असावे, आणि एक तरी मूल वर्षाहून मोठे असावे, असा दंडक आहे. संमतीपत्र तिला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखविले पाहिजे, आणि टेबलावर जाईपर्यंत नकार देण्याचा तिला अधिकार आहे. त्या नकारामुळे दुसरी कोणतीही सोय बंद करता येत नाही. शस्त्रक्रियेचा दाखला जपून ठेवावा, कारण शस्त्रक्रिया फसून दिवस गेल्यास ६० हजार रुपये आणि सात दिवसांच्या आत मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपये भरपाईची योजना आहे. फसल्याचे कळल्यापासून ९० दिवसांत दावा करावा लागतो. दाखला नसल्यामुळे किंवा मुदत ठाऊक नसल्यामुळे ही रक्कम बुडते.

गर्भपात १९७१ च्या कायद्याने वैध आहे. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट परिस्थितीत मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. लिंग तपासून केलेला गर्भपात हा मात्र गुन्हा आहे. या दोहोंतील भेद न कळल्यामुळे गरीब बाई वैध वाट सोडून गावठी उपायांकडे वळते आणि जीव धोक्यात घालते.

७

आपल्याच माणसांचे दोन आक्षेप मी अनेकदा ऐकले आहेत. पहिला असा : “आपली संख्या घटली तर मते घटतील.” संख्येची ताकद मला मान्य आहे. पण जी ताकद आईच्या रक्तक्षयावर उभी करावयाची, ती चळवळीची ताकद नव्हे. शिकलेली दोन मुले आणि सभेला येण्याइतकी धडधाकट असलेली त्यांची आई, ही तीन माणसे चळवळीला जास्त उपयोगी पडतात. शिवाय बाबासाहेबांना संख्येचे राजकारण कळत नव्हते, असे तर कोणी म्हणणार नाही. दुसरा आक्षेप : “हे नर्सबाईंचे काम, आपले नव्हे.” ज्याला हे आपले काम वाटत नाही त्याने १९३८ चा ठराव कोणाचा होता हे आठवावे.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. विहारातील महिला मंडळाने महिन्यातून एक बैठक केवळ आरोग्याची ठेवावी. आशाताई आणि नर्सबाईंना तेथे सन्मानाने बोलवावे. त्यांचेही मानधन आणि कामाचा बोजा यांची विचारपूस करावी. जयंतीच्या कार्यक्रमात पुरुषांसमोर पुरुष कार्यकर्त्यानेच नसबंदीवर बोलावे, आणि शक्य तर करून घेतलेल्याने बोलावे. शिक्षकांनी विज्ञानाच्या पुस्तकातील प्रजननाचा पाठ “घरी वाचा” म्हणून सोडू नये; आपल्या वस्तीतील पुष्कळ मुलींना त्यानंतर कोणी सांगणारे भेटत नाही. विद्यार्थ्यांनी गावच्या ग्राम आरोग्य समितीत कोण आहे, तिची बैठक होते का, एवढे विचारले तरी हालचाल होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणा एका शिकलेल्या मुलीने बाईबरोबर जावे आणि संमतीपत्र वाचून दाखवावे. कामाला बाहेर जाणाऱ्या कुटुंबातील बाईबरोबर काही महिन्यांचे साधन आणि एक कागद द्यावा. आणि मुलीचे लग्न अठराच्या आत ठरत असेल तर, तो घरचा प्रश्न आहे म्हणून कोणी गप्प बसू नये.

एवढे झाले तर वस्तीतील मुलगी पुढे शस्त्रक्रिया करून घेईलही, किंवा करून घेणार नाही. तांबी घेईल, नाहीतर नवऱ्याला पुढे करील. यांतील कोणती वाट बरी, हे ठरविण्याचा अधिकार ना खात्याला आहे, ना आपल्याला. तिच्यापुढे सगळ्या वाटा मोकळ्या असाव्यात, आणि “का गं, नको म्हणालीस?” असे विचारणाऱ्या नवऱ्यासमोर, सासूसमोर आणि डॉक्टरांसमोर उभे राहताना तिच्या पाठीशी वस्ती असावी, एवढे काम आपले आहे.